बॅटरीचं कौतुक पुरे, आता टायरकडे बघा!

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

मित्रांनो, इलेक्ट्रिक गाडी म्हटलं की आपल्याकडे चर्चा कुठून सुरू होते? बॅटरी किती किलोवॅट-अवरची, रेंज किती, चार्जिंगला वेळ किती आणि शून्य ते शंभर किती सेकंदात! मेसच्या टेबलावर हेच, लॅबच्या बाहेर हेच, पार सरांच्या केबिनपर्यंत हेच. टायर म्हणजे पंक्चरवाल्याचा विषय, आपण पडलो इंजिनिअर माणसं! यंदाच्या टेक-फेस्टमध्ये कोन लावून ऑटोक्रॉस घ्यायचा आणि तोही इलेक्ट्रिक कारचा, अशी चर्चा बरेच दिवस चालू आहे. कल्पना भारीच आहे, माझा पाठिंबा आहे. पण खर्चाचा जो कच्चा कागद हॉस्टेलवर फिरतोय त्यात बॅनर आहे, डीजे आहे, ड्रोन शूटिंग आहे, टी-शर्ट आहेत. टायरच्या नावाने भोपळा. हवा मोजायचा साधा गेजसुद्धा नाही. माझं म्हणणं एवढंच की दीड टनाची गाडी कोनांमधून पळवायची असेल तर पहिला रुपया टायरवर खर्च व्हावा. तेवढी सोय होत नसेल तर यंदा कार्यक्रम घेऊच नये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (कॉम्प्युटर आणि सिव्हिलवाल्यांनो, राग नको) : ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या डांबरी किंवा सिमेंटच्या जागेवर प्लॅस्टिकचे कोन मांडून आखलेला वळणावळणाचा रस्ता. एका वेळी एकच गाडी, घड्याळाशी शर्यत. कोन पडला की वेळेत दंडाचे सेकंद. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या फॉर्म्युला भारत स्पर्धेत इंजिनिअरिंगच्या मुलांनी बनवलेल्या गाड्यांचा असा एक प्रकार असतो आणि तिथे इलेक्ट्रिक गाड्यांचा वेगळा गट आहे. आयआयटी मुंबईची पोरं तर आपली इलेक्ट्रिक रेसकार घेऊन इंग्लंडला सिल्व्हरस्टोनपर्यंत जाऊन आली आहेत. ते सगळं वाचून आपणही तसंच करू, त्यांचे व्हिडिओ बघून त्यांच्यासारखी हवा ठेवू, असं काही उत्साही मंडळींना वाटतंय. इथेच गडबड आहे.

फॉर्म्युला स्टुडंटची इलेक्ट्रिक गाडी चालकासह साधारण तीनशे किलोची. तिचा टायर सुमारे साडेसात इंच, म्हणजे १९० मिलिमीटर रुंद, खास शर्यतीच्या मऊ रबराचा. आणि आपल्याकडे धावणार काय? बीडच्या रस्त्यावर जी सहज दिसते ती टाटा नेक्सॉन ईव्ही. २०२० साली आलेल्या पहिल्या मॉडेलचं नुसत्या गाडीचं वजन १४०० किलो. चालक धरला की जवळजवळ दीड टन. टायर २१५/६० आर१६, म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर. वजन पाचपट आणि टायरची रुंदी पंचवीस मिलिमीटरने जास्त! वर ते रबर कडक, कारण कंपनीला रेंज हवी असते. ताशी ६० किलोमीटरवरून गाडी थांबवायची तर तीनशे किलोच्या गाडीत सुमारे ४२ किलोज्यूल ऊर्जा जिरवावी लागते, दीड टनाच्या गाडीत २०८. कोणी म्हणेल, अरे पण इलेक्ट्रिक गाडीत रिजनरेटिव्ह ब्रेकिंग असतं, ती ऊर्जा बॅटरीत परत जाते. जाते की! पण जाते कुठून? टायर आणि रस्ता यांच्यामधूनच ना? रिजनमुळे ब्रेकचे पॅड वाचतात. टायरला ओढ तेवढीच सोसावी लागते. त्यात नेक्सॉन ईव्हीची मोटर पुढच्या चाकांवर आहे, म्हणजे वळवायचं पुढच्याच टायरनी, पळवायचं त्यांनीच आणि रिजनने थांबवायचंही त्यांनीच. मागचे दोघे बिचारे नुसते सोबतीला.

आता फर्स्ट इयरच्या इंजिनिअरिंग मेकॅनिक्सकडे या. घर्षणबल बरोबर म्यू गुणिले एन. गाडी जड झाली तर एन वाढतो, घर्षणही त्याच प्रमाणात वाढतं, वस्तुमान दोन्हीकडून कटतं, म्हणजे जड गाडी आणि हलकी गाडी एकाच वेगाने वळण घेईल. ओरलला हे उत्तर दिलं तर मार्क मिळतात. रबर मात्र कूलोंबचं ऐकत नाही. टायरवरचा भार वाढत गेला की त्याचा म्यू हळूहळू कमी होत जातो. भार दुप्पट केला तर पकड दुपटीपेक्षा कमीच मिळते. शिवाय वळणावर आतल्या चाकांवरचा भार उचलून बाहेरच्या चाकांवर जातो, त्यामुळे बाहेरच्या टायरचा म्यू उतरतो आणि आतला टायर जवळजवळ रिकामा बसतो.

आकडे घालून बघू. गाडी १५०० किलो, गुरुत्वमध्याची उंची ०.५५ मीटर धरली, दोन चाकांमधलं अंतर १.५५ मीटर आणि वळणावर ०.८ जी. बाहेरच्या बाजूला सरकणारा भार येतो सुमारे ४२५ किलो. म्हणजे बाहेरच्या दोन टायरवर मिळून ११७५, आतल्या दोघांवर फक्त ३२५. बाहेरच्या प्रत्येकावर सरासरी ५९० किलो झाले. त्यातच वळणात शिरताना ब्रेक दाबला की पुढच्या बाहेरच्या टायरवर ७०० च्या घरात सहज जातो. बॅटरी जमिनीलगत असल्यामुळे गुरुत्वमध्य खाली राहतो हे इलेक्ट्रिक गाडीचं नशीब. नाहीतर आकडा याहून वाईट आला असता.

आता त्या टायरच्या कडेवर काय लिहिलेलं असतं ते वाचा. मापाच्या पुढे ९५ असेल. हा लोड इंडेक्स. ९५ म्हणजे ६९० किलो, ९१ म्हणजे ६१५, ९९ म्हणजे ७७५. हे आकडे रोजच्या वापरासाठीचे असतात, क्षणभर जास्त भार आला म्हणून टायर लगेच फुटत नाही. पण आपण आधीच काठावर चाललोय हे तर कळतं! म्हणून जड इलेक्ट्रिक गाडीला टायर निवडताना पहिली अट: लोड इंडेक्स कंपनीने दिलेल्या आकड्यापेक्षा कमी अजिबात नको. त्याच मापात एक्स्ट्रा लोडचा, म्हणजे ९९ चा टायर मिळाला तर चांगलंच. त्याची बांधणी जास्त भार आणि जास्त हवा सोसायला केलेली असते. कुणाच्या तरी काकाच्या दुकानात 'याच रिममध्ये बसतो, दिसायला रुंद आहे, स्वस्तात देतो' असा टायर मिळतोय म्हणून तो आणू नये.

खरं सांगायचं तर वजन आणि टायर यांचं नातं आपल्या जिल्ह्याला कोणी शिकवायची गरज नाही. आपल्यापैकी किती जणांचे आईवडील दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात! ऊसतोडीत डोकी सेंटर, गाडी सेंटर आणि टायर सेंटर हे शब्द हॉस्टेलवरच्या निम्म्या पोरांना पाठ असतील. टायर सेंटर म्हणजे रबरी टायरच्या बैलगाडीवाले. जुन्या लाकडी चाकाला लोखंडी धाव असायची. रबरी टायर आला, चाक हलकं फिरू लागलं आणि त्याच दोन बैलांच्या मागे दोन-तीन टन ऊस लादला जाऊ लागला. चाक सुधारलं आणि ओझं वाढलं, फायदा बैलाला झाला का, हा वेगळा लेखाचा विषय आहे. पण टायरगाडीवाला सकाळी निघताना आधी टायरवर नजर टाकतो. हवा कमी असली की बैलाच्या चालीवरून त्याला कळतं. आमच्या क्लबमधल्या किती जणांनी गेल्या महिन्यात स्वतःच्या बाईकची हवा मोजली, विचारून बघा.

आणि इलेक्ट्रिक गाडी, वजन आणि टायर ही तिकडी काही नवीन नाही बरं का. ताशी शंभर किलोमीटरचा टप्पा रस्त्यावरच्या ज्या गाडीने पहिल्यांदा ओलांडला ती इलेक्ट्रिकच होती! २९ एप्रिल १८९९, पॅरिसजवळचं अशेर, चालक बेल्जियमचा कामिय जेनाट्झी, वेग ताशी १०५.८८ किलोमीटर. गाडीचं वजन बॅटऱ्यांसकट साधारण दीड टन, म्हणजे आपल्या नेक्सॉनएवढंच. आणि ती मिशेलिनच्या हवेच्या टायरवर धावली. सव्वाशे वर्षांपूर्वी हेच वजन, हीच हवा. आज मोटर बदलली, बॅटरी बदलली, पण रस्त्याला टेकलेला तळहाताएवढा रबराचा तुकडा अजून तसाच सगळा भार घेतोय.

हवेबद्दल आता थोडं सविस्तर, कारण पैसे न लागता सगळ्यात जास्त फरक इथे पडतो. फॉर्म्युलावाले दहा-चौदा पीएसआय हवा ठेवतात. त्यांची गाडी तीनशे किलोची आहे. आपण तसं केलं तर पहिल्याच वळणावर टायरची कड दुमडून गाडी रिमवर येईल. जड गाडीला उलट करावं लागतं. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर जो आकडा असतो त्यापेक्षा तीन-चार पीएसआय जास्त, विशेषतः पुढे, तिथून सुरुवात करावी. टायरवर छापलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडायची नाही. मग खडू घ्या. हो, वर्गातला खडू! टायरच्या खांद्यावर, जिथे नक्षी संपून कड सुरू होते, तिथे तीन-चार जागी आडवे पट्टे ओढा. बहुतेक टायरवर तिथे एक छोटा त्रिकोण असतो. एक फेरी मारून या. खडू त्रिकोणाच्याही खाली पुसला गेला असेल तर टायर लोळतोय, हवा वाढवा. त्रिकोणाच्या बरंच वर खडू तसाच राहिला असेल तर हवा जास्त झाली, थोडी सोडा. एक रुपयाच्या खडूत एवढी माहिती मिळते.

फेरीगणिक हवा वाढते हे विसरायचं नाही. सकाळी २० अंशाला ३३ पीएसआय भरली आणि टायरमधली हवा ५० अंशांपर्यंत तापली तर गेज जवळजवळ ३८ दाखवेल. थर्मोडायनॅमिक्सचं साधं गणित आहे, फक्त वातावरणाचा १४.७ मिळवायला आणि तापमान केल्विनमध्ये घ्यायला विसरू नका (दर वर्षी अर्धा वर्ग विसरतो). म्हणून प्रत्येक फेरीनंतर लगेच मोजायचं आणि वाढलेली हवा सोडायची. आणि संध्याकाळी गाडी घरी नेण्याआधी? गरम टायरमधून सोडलेली हवा थंड झाल्यावर स्टिकरच्या आकड्याच्याही खाली जाते. अशी गाडी घेऊन मांजरसुंब्याचा घाट उतरायचा नाही. कंप्रेसर जवळ ठेवायचा आणि टायर गार झाल्यावर स्टिकरप्रमाणे हवा भरूनच गाडी मालकाच्या ताब्यात द्यायची.

नायट्रोजन भरायचा का, हे हमखास विचारलं जातं. भरा, पैसे जास्त झाले असतील तर. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर दोन्हींचा दाब जवळपास सारखाच वाढतो. कोरडा असतो एवढाच त्याचा गुण. त्या पैशात चांगला डिजिटल गेज घ्यावा. पेट्रोल पंपावरचे दोन गेज एकमेकांशी जुळत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे. आपला एकच गेज कायम वापरला तर तो किंचित चुकीचा असला तरी चालतो, कारण आपल्याला फेरीफेरीतला फरक बघायचा असतो.

यानंतर उष्णता. हलक्या फॉर्म्युला गाडीला टायर तापवायची चिंता असते, आपल्याला थंड ठेवायची. दीड टन वजन आणि शून्यापासून मिळणारा २४५ न्यूटन-मीटरचा टॉर्क, यात पुढच्या टायरचा पृष्ठभाग दोन-तीन फेऱ्यांतच तापून गुळगुळीत, तेलकट झाल्यासारखा होतो. गाडी सरळच जाऊ बघते, पोरगा स्टिअरिंग आणखी वळवतो, टायर आणखी तापतो. अमेरिकेत ऑटोक्रॉसवाले दोन फेऱ्यांच्या मध्ये टायरवर पाणी फवारतात. आपल्या जिल्ह्यात, जिथे उन्हाळ्यात हॉस्टेलला टँकर येईपर्यंत आंघोळीची पंचाईत, तिथे टायरला पाणी? लोक हसतील. पण यासाठी पाईप लावायचा नसतो. पाठीवरच्या फवारणी पंपाने बारीक तुषार मारायचे, लिटर-दीड लिटरमध्ये चारही टायर होतात. पंप मात्र नवा हवा, औषधाचा नको. आणि त्याहून सोपा उपाय म्हणजे कार्यक्रम डिसेंबर-जानेवारीत सकाळी घ्या आणि दोन फेऱ्यांमध्ये किमान दहा मिनिटं गाडी सावलीत उभी करा. मार्चच्या दुपारी, डांबरावर हात टेकवत नाही तेव्हा, हा खेळ नको. एकाच गाडीवर चार-चार चालक लागोपाठ बसवायची जी कल्पना आहे ती तर सोडूनच द्या. चौथ्या चालकाला जो टायर मिळेल तो पहिल्याचा टायर नसेल, मग निकाल कसला लावता? माझ्या मते एका गाडीला दोनच चालक, मध्ये विश्रांती, आणि नवशिक्यांसाठी गाडी सौम्य ड्राइव्ह मोडमध्ये.

आता खरेदीचा प्रश्न. अमेरिकेतल्या एससीसीए संस्थेच्या ऑटोक्रॉसमध्ये साध्या गाड्यांच्या स्ट्रीट गटात टायरचा ट्रेडवेअर आकडा किमान २०० हवा असा नियम आहे. तिथे टेस्ला मॉडेल ३ सारख्या सव्वा-अठराशे किलोच्या गाड्याही याच टायरवर कोनांमधून धावतात आणि टायर भराभर संपवतात. तसा चिकट टायर आपल्या मापात शोधत बसू नका, आयातीचा नाद आपल्याला परवडणारा नाही. उलट दुसऱ्या टोकाला, खास इलेक्ट्रिक गाड्यांसाठी काढलेले टायर आहेत. अपोलोने २०२२ मध्ये अँपेरियन नावाने असे टायर आणले. त्यांचा भर रेंज आणि शांत चालण्यावर. रस्त्यासाठी ते योग्यच. पण रोलिंग रेझिस्टन्स आणि पकड या दोन्हींचं मूळ रबरात जिरणाऱ्या ऊर्जेत आहे, त्यामुळे एक कमी करताना दुसरी राखायला कंपन्यांना सिलिकासारख्या मिश्रणांची बरीच कसरत करावी लागते. रेंजसाठी प्रसिद्ध असलेला टायर कोनांमध्ये पहिला येईल ही अपेक्षा धरू नये. ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणारा, पुरेशा लोड इंडेक्सचा, नेहमीचा रस्त्यावरचा टायर आपल्याला पुरे.

आणि एक गंमत सांगतो, नवा कोरा टायर घ्यायची गरजच नाही! नव्या टायरची नक्षी सुमारे आठ मिलिमीटर खोल असते. जड गाडीखाली ते उंच ठोकळे रबराच्या जेलीसारखे हलतात, तापतात, तुटतात. निम्मी झिजलेली, चार-पाच मिलिमीटर उरलेली नक्षी कोरड्या जागेवर जास्त ठाम बसते. फक्त टायर वयाने तरुण हवा. कडेवर डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२२४ म्हणजे २०२४ सालचा बत्तिसावा आठवडा. कडेला चीर, फुगवटा किंवा पंक्चरचं ठिगळ असेल, टायर रिमोल्ड असेल, तर गाडी रांगेतून बाहेर काढायची. ती कुणाचीही असो. पुढाऱ्याच्या पोराची असली तरी! हे वाक्य मी मुद्दाम लिहितोय, कारण आयोजकांवर दबाव नेमका तिथेच येणार आहे.

पैशाचं बोलतो आणि थांबतो. क्लबकडे स्वतःची इलेक्ट्रिक गाडी नाही. गाडी मिळणार ती एखाद्या सरांची किंवा मॅडमची, हप्ते चालू असलेली. त्यांनी विश्वासाने किल्ली दिली आणि आपण एका सकाळीत पुढच्या दोन टायरचे खांदे खाल्ले, तर भरपाई कोण करणार? या मापाचा बरा टायर आठ-दहा हजारांच्या आसपास जातो, म्हणजे जोडी सोळा ते वीस हजार. वर्गणी देणाऱ्यांत मेसचं बिल दोन महिने थकलेली पोरंही आहेत. त्यांच्या पैशातून ड्रोन उडणार आणि सरांचा टायर सरांच्याच खिशातून बदलला जाणार, हे मला पटत नाही. ड्रोन आणि डीजे कापा. एक गेज, एक छोटा कंप्रेसर, एक फवारणी पंप आणि टायरच्या जोडीचे पैसे बाजूला काढा. फेस्टच्या आधी आणि नंतर नक्षीची खोली मालकासमोर मोजून कागदावर दोघांच्या सह्या घ्या. टायर घासले नाहीत तर ती रक्कम पुढच्या वर्षी.

तापमान मोजायला विकत काही आणायला नको. हीट ट्रान्सफर लॅबमध्ये थर्मोकपल आणि मीटर पडून आहेत. फेरी संपल्याबरोबर मिनिटाच्या आत टायरच्या आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला टोक टेकवायचं. मधला भाग जास्त गरम तर हवा जास्त, दोन्ही खांदे गरम तर हवा कमी, फक्त बाहेरचा खांदा पेटलेला तर हवा कमी किंवा कॅम्बर अपुरा. एवढ्यावर कोणाचा तरी फायनल इयरचा प्रोजेक्टही उभा राहील आणि सव्वाशे किलोमीटरवर वाळूजला गुडइयरचा टायर कारखाना आहे, इंटरव्ह्यूला सांगायला काहीतरी स्वतःचं असेल. थर्मोकपल फेस्टच्या दिवशी वापरायला मिळावेत म्हणून विभागाकडे अर्ज दिला आहे. लॅब असिस्टंट हो म्हणालेत, सही व्हायची आहे.